एक दिवसानं का होते? शाळेतल्या खाड्याचा साधा हिशोब

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली. विषय भरपूर होते, पोषण आहाराचा तांदूळ, गळका स्लॅब, बंद पडलेला हातपंप, पण दीड तास गेला तो एकाच गोष्टीत, हजेरीत. मॅडमनी रजिस्टर उघडून समोर ठेवलं. तिसरीतल्या एका पोराच्या नावापुढं दर बुधवारी गैरहजेरीची खूण, एकही बुधवार सुटलेला नाही. बुधवार म्हणजे आमचा आठवडी बाजार. बाप भाजीचं दुकान लावतो आणि पोरगं वजनाला बसतं. बापाला बोलावलं तर तो बिचारा अगदी सरळ मनानं म्हणाला, "मॅडम, एक दिवसानं का होते? बाकीचे पाच दिवस तर येतेच ना तो."

यावर मॅडमनी नियम सांगितला, आमच्यातल्या एकानं शिक्षणाचं महत्त्व यावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं, तो मान हलवत ऐकून घरी गेला आणि पुढच्या बुधवारी पोरगं पुन्हा काट्यावर. मला तेव्हापासून वाटतंय की त्याचा प्रश्न वाकडा नव्हता, आम्हालाच उत्तर देता आलं नाही. कारण त्यानं हिशोब विचारला होता आणि आम्ही त्याला उपदेश पाजला.

मी शिक्षक नाही. यवतमाळ जिल्ह्यात चार एकर वावर आहे, दोन पोरं याच शाळेत आहेत. समितीत चारात तीन जण पालक पाहिजेत असं कायद्यातच आहे, म्हणून मी तिथं बसतो. तर हा हिशोब माझ्या पद्धतीनं मांडून पाहतो.

पट वेगळा, हजेरी वेगळी

दोन शब्द आधी नीट समजून घेऊ, पुढं हेच लागतील. पट म्हणजे शाळेच्या रजिस्टरात किती पोरांची नावं आहेत. हजेरी म्हणजे त्यातली आज किती पोरं खरंच येऊन बसली. सात-बारावर नाव असणं वेगळं आणि वावर वाहणं वेगळं, तसंच हे.

या दोन आकड्यांतला फरक सरकारला पण माहीत आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली होती, आठवत असेल, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती, म्हणजे एकच पोरगं दोन शाळांत दाखवता येऊ नये. कागदावर पोरं आणि वर्गात जागा रिकामी असा प्रकार त्यात कितीतरी ठिकाणी उघडा पडला. आता डिसेंबर २०२३ पासून रोजची हजेरी फोनवर ॲपमध्ये टाकायची सोय आली आहे. आमच्याकडं मॅडम रेंज शोधत शाळेच्या मागच्या लिंबाखाली जातात आणि तिथून हजेरी पाठवतात, तो एक वेगळाच विषय.

देशाचं चित्र पाहायचं तर 'प्रथम' नावाच्या संस्थेचा 'असर' हा सर्व्हे आहे, गावागावात फिरून केलेला. २०२४ च्या असरमध्ये खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत ज्या दिवशी माणसं पाहायला गेली त्या दिवशी शंभर पटामागं साधारण ७६ पोरं हजर होती. म्हणजे चारातलं एक बाक रोज रिकामं. नावनोंदणीची लढाई आपण बरीचशी जिंकलोय, आता कोणी पोरीचं नावच घातलं नाही असं फार ऐकायला येत नाही. नाव आहे, पोरगं नाही, अडचण ती आहे.

सरासरी हजेरी चांगली असली तरी आत काय शिजतंय ते दिसत नाही

आमच्या शाळेची सरासरी हजेरी ९० टक्के निघाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता समजा वर्गात २० पोरं आहेत आणि महिन्याला २५ दिवस शाळा भरली, तर एकूण ५०० हजेऱ्या झाल्या. ९० टक्के म्हणजे त्यातले ५० खाडे. हे ५० खाडे वीस पोरांत दोन-दोन, तीन-तीन वाटले गेले असतील तर चिंता नाही, ताप, पाहुणे, लग्न चालायचंच. पण दोनच पोरं महिनाभर उगवली नाहीत तरी पन्नासच खाडे होतात आणि सरासरी तीच ९० येते! म्हणून सरासरी पाहून खुश होऊ नये, एकेका पोराच्या नावापुढची ओळ आडवी वाचावी.

अजून एक फट आहे. सहा ते चौदा वर्षाचं पोरगं सलग महिनाभराच्या वर आलं नाही की आपल्या राज्यात ते शाळाबाह्य धरतात, मग शोधाशोध सुरू होते, गुर्जी घरी येतात. पण जे पोरगं आठवड्यातून चारच दिवस येतं, किंवा पंधरा दिवस येतं आणि आठ दिवस गायब होतं, ते या व्याख्येत कधीच सापडत नाही. कागदावर ते नियमित विद्यार्थी. खरं सांगायचं तर आमच्या गावात शाळाबाह्य पोरगं एकही नाही, पण असं अर्धवट येणारी सात-आठ आहेत.

आता बुधवारचा हिशोब

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पाच वर्षांचे १००० आणि पुढच्या तीन वर्षांचे ६६०, एकूण झाले १६६० दिवस. आठवडा सहा दिवसांचा, शनिवारी सकाळची शाळा धरून. त्यातला एक बुधवार गेला म्हणजे सहावा हिस्सा गेला. १६६० भागिले ६, उत्तर येतं २७७.

म्हणजे दर बुधवारी बाजारात बसणारं पोरगं आठवी पास होईपर्यंत २७७ दिवस शाळेबाहेर राहतं. एक अख्खं शाळेचं वर्ष आणि वर अजून दोन-अडीच महिने. दाखल्यावर आठवी असते, शिकलेलं असतं जेमतेम पावणेसात वर्षाचं. आणि यात आजारपण, पोळ्याच्या आधीचे दोन न् नंतरचे दोन, मामाच्या गावचं लग्न, काहीच धरलेलं नाही.

कोणी म्हणेल बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी चालते की. हो, चालते, पण तो परीक्षेला बसायचा खालचा उंबरठा आहे, चांगल्या हजेरीचं माप नाही. २२० दिवसांत ७५ टक्के म्हणजे ५५ दिवसांचे खाडे. बाहेरच्या देशात, अमेरिकेत वगैरे, वर्षातले १० टक्के दिवस बुडाले की पोरगं धोक्याच्या यादीत घेतात, कारण कोणतंही असो. आपल्या हिशोबानं २० ते २२ दिवस, महिन्याला फक्त दोन-सव्वादोन खाडे. माझी स्वतःची मुलगी मागच्या वर्षी या यादीत बसली असती, हे मोजल्यावर कळलं, तोवर मी तिला नियमित समजत होतो.

दिवस मोजून होत नाही, खंड पहा

इथपर्यंत झाली बेरीज. पण बापाला ही बेरीज सांगितली तर तो म्हणेल, पावणेसात वर्ष तर शिकला ना, भरपूर झालं. म्हणून खरी गोष्ट पुढं आहे आणि ती आपल्या शेतकऱ्यांना मास्तरांपेक्षा लवकर कळेल.

पाऊस किती पडला हे सरकार मिलिमीटरमध्ये मोजतं. तालुक्यात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस, म्हणजे झक्कास वर्ष. पण जुलैत धो धो पडला, मग एकवीस दिवस उघाड, सोयाबीन नेमकं फुलावर, आणि मग सप्टेंबरात पुन्हा धो धो. बेरीज शंभराच्या वर आणि पीक गेलेलं. शेतकऱ्याला मिलिमीटर विचारू नका, खंड किती दिवसाचा होता आणि तो कोणत्या वेळी पडला ते विचारा. पीक विम्याच्या भांडणात सुद्धा हाच २१ दिवसाचा खंड सगळ्यांच्या तोंडी असायचा.

शाळेचं अगदी असंच आहे. टीव्हीवरच्या सिरीयलचे दहा भाग बुडाले तरी अकराव्याला कळते, कारण सासू अजून त्याच सोफ्यावर रडत असते. गणित तसं नाही. मॅडमनी मंगळवारी दोन अंकी वजाबाकी घेतली, बुधवारी हातच्याची. ५२ मधून २७ काढताना दोनातून सात जात नाहीत, मग दहाचा गठ्ठा सोडायचा, हे बुधवारी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवलं. गुरुवारी त्याच्यावर उदाहरणं. गुरुवारी आपलं पोरगं वर्गात आहे, पण त्याला तो गठ्ठा कोणी सोडून दाखवला नाही, तर ते काय करतं, उलटं करतं, सातातून दोन काढतं आणि ३५ लिहितं. हजेरी लागली, पण गुरुवार सुद्धा वाया गेला. शुक्रवार पण. पुढं चौथीत भागाकार येतो आणि भागाकाराच्या पोटात ही वजाबाकी बसलेली असते, तिथं पोरगं अडलं की आपण म्हणतो याला गणितच जमत नाही, याच्या बापालाही जमत नव्हतं.

वाचनात पण तेच. आपल्या मराठीत एकटा र किती रूपं घेतो पहा, सूर्यामध्ये वर जाऊन बसतो, चक्रामध्ये खाली लटकतो, राष्ट्रामध्ये छत्रीसारखा उघडतो, आणि वऱ्हाडामध्ये मध्येच आडवा पडतो. मॅडमच्या वर्गात एक पोरगी सगळं वाचते पण रफार आला की थांबते, 'वर्ग'ला 'वरग' पण नाही म्हणत, सरळ 'वग' म्हणते. रजिस्टर काढून पाहिलं तर रफार शिकवला त्या आठवड्यात ती आईसोबत सोयाबीन सवंगायला (कापायला) गेलेली. चार दिवसांचा खाडा, आणि त्याची खूण दोन वर्षांनी पुस्तकाच्या प्रत्येक पानावर.

याच्या खाली अजून एक गोष्ट आहे, विसरण्याची. एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापला, काहीच अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे पाठ करायचे आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजायचं. एका दिवसात साधारण दोन-तृतीयांश मेहनत वाया गेली. अर्थ असलेली गोष्ट इतक्या भरकन जात नाही, पण वळण तेच, आधी जोरात घसरण मग हळूहळू. दुसऱ्याच दिवशी उजळणी झाली तर घसरण मंदावते. शाळा रोज का असते, आठवड्यातून तीन दिवस दहा-दहा तास का नसते, याचं एक मोठं कारण हेच. मिरचीच्या रोपाला रोज थोडं पाणी लागतं, रविवारी टँकर ओतून भागत नाही.

"मग मॅडम पुन्हा शिकवतील ना, पगार कशाचा घेतात?"

शिकवतात, पण कधी शिकवतील ते पहा. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठपर्यंत पोरं असली तर कायद्यानं दोन शिक्षक. म्हणजे एका मॅडमकडं दोन-तीन वर्ग एकाच खोलीत, पहिलीला चित्र काढायला लावून तिसरीला वजाबाकी. त्यात आज चार पोरं नवीन उगवली की वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून, उद्या दुसरी चार. जे पोरगं रोज येतं ते तीच वजाबाकी चौथ्यांदा ऐकत खिडकीबाहेर शेळ्या पाहतं. हा तोटा कोणी मोजत नाही, आपल्या पोराचा खाडा शेजारच्याच्या पोराला पण लागतो. धुऱ्यावरचं गवत काढलं नाही तर बाजूच्या वावरात बी जातंच.

"नापास तर करतच नाहीत"

हे आता जुनं झालं. कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला आणि महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, त्यात नाही जमलं तर पुन्हा एक संधी, तिथंही नाही जमलं तर त्याच वर्गात. पण मला विचाराल तर नापास होण्याची भीती दाखवणं हा दुबळा मुद्दा आहे. त्या रफारवाल्या पोरीला कोणी नापास केलं नाही, ती पाचवीचा पेपर कसाबसा काढून सहावीत जाईल, आणि सहावीचं विज्ञानाचं पुस्तक रफारांनी भरलेलं आहे. असर २०२४ मध्ये सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी २३.४ टक्के निघाली, शंभरातली २३. २०२२ मध्ये कोरोनानंतर १६.३ होती, त्या मानानं सुधारली. शाळा बंद पडल्या की काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, तो तर देशभराचा एकत्र खाडाच होता.

"शाळेत तरी काय शिकवतात, गुर्जीच राहत नाहीत"

या आक्षेपाला मी हो म्हणतो. दरवेळी नाही, सगळीकडं नाही, पण हो. माझ्या लहानपणी एक गुर्जी होते, बुधवारी ते स्वतःच बाजारात दिसायचे, गाव नाही सांगत. आणि आजच्या मॅडमचे कितीतरी दिवस ट्रेनिंगात, सर्व्ह्यात आणि फोटो अपलोडात जातात. कायद्यात शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी बाहेरची कामं देऊ नये असं लिहिलंय, आता लिहिलं तर आहे.

राजस्थानात उदयपूरकडं सेवा मंदिर नावाच्या संस्थेच्या एकशिक्षकी शाळा आहेत. तिथं २००३ च्या सुमारास एक प्रयोग केला, मास्तरांनी रोज शाळा भरताना आणि सुटताना पोरांसोबत स्वतःचा फोटो काढायचा, कॅमेऱ्यात तारीख-वेळ पक्की, आणि पगार हजर दिवसांवर. कॅमेरा नसलेल्या शाळांत मास्तरांची गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत २१, आणि तिथं पोरांचे मार्क पण वाढले. आता मास्तर बुडवतो म्हणून पोरानं पण बुडवायचं का, तर माझं म्हणणं, पोरं रोज असली तरच मास्तराला विचारायचं तोंड आपल्याला राहतं. रिकाम्या वर्गासमोर कोण कोणाला विचारणार? आणि पट घसरला की शाळेवर काय संकट येतं ते वीसच्या आतल्या पटाच्या गावांना विचारा.

"कापूस तुमची मॅडम वेचणार का?"

हा प्रश्न मीटिंगमध्ये एका बाईनं विचारला आणि सगळे हसले, मला काही हसू आलं नाही. कारण हीच खरी अडचण आहे. बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आपली शाळा उन्हामुळं उशिरा उघडते, २०२५ मध्ये तिकडं १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला उघडली. म्हणजे शाळा आणि पेरणी सोबतच. मग निंदण, मग सोयाबीन, मग दसरा-दिवाळीपासून कापूस, सीतादही (पहिल्या वेच्याआधीची वावरातली पूजा) झाली की वेचा सुरू. भंडारा-गोंदियाकडं पावसाळ्यात धानाची रोवणी. गडचिरोलीकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, ते पहाटे पडतं आणि सकाळी वेचावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच शाळा पण सकाळची होते. आपलं शेतीचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर एकमेकाच्या उरावर बसलेलं आहे.

पण नीट पाहिलं तर कापूस वेचायला जाणारी पोरं कमी, कापूस वेचायला गेलेल्या आईच्या मागं लहान भावाला सांभाळणारी जास्त. आणि त्या बहुतेक मुली. रजिस्टरात कारण 'घरगुती काम' लिहितात. माय सकाळी सातला वावरात जाते, दीड वर्षाचं लेकरू कोणाकडं ठेवायचं, तर चौथीतली पोरगी आहे की. इथं बाईला दोष देऊन काही होत नाही. अंगणवाडी तीन वर्षाच्या वरच्या लेकराला बसवून घेते, त्याच्या खालच्याचं काय, हा प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे, शाळेचा कमी.

कायदा सांगायचा तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या खालच्या पोराला कामावर लावता येत नाही. घरच्या कामात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. ही सवलत माझ्या मते बरोबर आहे, आपली पोरं रविवारी वावरात आली तर काही बिघडत नाही, उलट शिकतात. बिघडतं ते मंगळवारी आणल्यावर.

पैशाचं बोलायचं तर सरकारनं १९९२ पासून गरीब घरच्या मागास प्रवर्गातल्या, पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला, दिवसाचा एक रुपया. एका रुपयात तेव्हा काहीतरी यायचं, आता गोळी पण येत नाही. त्यापेक्षा पोषण आहाराचं काम दणकट. १९९५ मध्ये सुरू झाला तेव्हा ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. पुढं शिजवून द्यायला लागले, आणि पाचवीपर्यंतच्या पोराला त्यातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं माप आहे. म्हणजे ज्या दिवशी खाडा त्या दिवशी ते जेवण पण गेलं.

आजारी असलं तर घरी ठेवाच, पण

ताप, गोवर, उलट्या, तर घरीच. कोणी खेचून आणा म्हणत नाही. पण एखाद्या पोराचे आजाराचेच खाडे सारखे पडत असतील तर ती ओळ डॉक्टरला दाखवण्यासारखी असते. आपल्या विदर्भात, खास करून पूर्वेकडं, सिकलसेल बरंच आहे. हातपाय, पोट, छातीत मरणाच्या कळा येतात, चार दिवसांनी पोरगं पुन्हा बरं दिसतं आणि लोक म्हणतात नाटक करते. साधी रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रात होते, १ जुलै २०२३ ला देशपातळीवर मोहीम पण सुरू झाली आहे.

दुसरं म्हणजे जंत. ऐकायला फालतू वाटते. पण केनियात शाळांत जंताच्या गोळ्या देऊन पाहिलं तर पोरांची गैरहजेरी पाव हिश्शानं घटली. आपल्याकडं जंतनाशक दिनाला शाळेत देतात ती जंताचीच गोळी, त्या दिवशी नेमकं पोरगं घरी ठेवू नका.

बाहेरगावी जाणाऱ्यांचं

दिवाळीनंतर मेळघाटातली घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात, पुसद-उमरखेडकडची ऊसतोडीला. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद आहे, तो आपल्या शाळेतून घेऊन निघायचा आणि जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवायचा, पोराला बसवून घ्यावं लागतं. फार लोकांना माहीतच नाही, निघायच्या आधी गुर्जीला मागा.

"पण बाजारात तो हिशोब शिकते ना!"

हे शेवटी ठेवलं, कारण त्या भाजीवाल्या बापाचा खरा मुद्दा हाच होता, आणि त्यात दम आहे. त्याचं तिसरीतलं पोरगं पावणेदोन किलो वांग्याचे पैसे तोंडी सांगतं, पन्नासातून परत किती द्यायचे ते माझ्या आधी सांगतं. आणि तेच पोरगं वहीवर ५२ वजा २७ चं ३५ लिहितं!

मला वाटलं आमचंच पोरगं असं आहे, पण दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारातल्या पोरांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सोबतच्या लोकांनी हेच तपासलं, २०२५ मध्ये नेचर मासिकात आलं. (उदयपूरच्या कॅमेऱ्याच्या प्रयोगातही डुफ्लो होत्या, केनियाच्या जंतांच्या प्रयोगामागं मायकल क्रेमर, आणि या तिघांनाच २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल.) बाजारातली पोरं सौदे फटाफट करत होती पण तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिलं की अडत होती. गंमत पुढं आहे, फक्त शाळेत जाणारी पोरं कागदावर बरी होती आणि बाजाराच्या सौद्यात अडत होती. म्हणजे बाजारातली हुशारी आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतली बाजारात. बुधवार बाजारात घालवून बाकीचं जमेल, हे काही होत नाही, पण शाळेनं पण जरा खाली उतरावं की.

मी परत त्याच्या घरी गेलो. २७७ चा आकडा सांगितला, त्याला फार काही वाटलं नाही. मग खंडाचं सांगितलं, त्याचं सोयाबीन दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात असंच गेलेलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि पोराला म्हणाला, "काऊन रे, बुधवारी जे शिकवते ते गुरुवारी समजत नाही काय तुले?" पोरगं म्हणालं, "गुरुवारी मॅडम पुढचं घेते ना."

मग ठरलं असं की बुधवारी काट्यावर बायको बसेल आणि पोरगं शाळा सुटल्यावर पाचला बाजारात येईल, बाजार काही अंधार पडेपर्यंत हलत नाही. मॅडमनी पण त्यांच्या बाजूनं एक केलं, गुरुवारच्या गणिताच्या तासाला वर्गात भाजीचं दुकान लावलं, चिंचोके म्हणजे वांगी, आणि दुकानदार हाच. प्रत्येक सौदा त्यानं तोंडी सांगायचा आणि मग फळ्यावर हातच्यासकट लिहायचा. त्यानंतर चार बुधवार झाले, तीनदा आला. एका बुधवारी आई कापसाला गेली होती.